रांगोळीतले गाव

धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या त्या गावात शाळेचे अंगण सारवून ठेवले होते. गाव पाटण खोऱ्यातले. नवे गावठाण मिळणार होते शिराळ्याच्या बाजूला. तिथे कोणाला कुठे राहायचे आहे, याची पाहणी करायला सांगलीच्या एका संस्थेतून संयोगिता माने आली होती. साल १९९६. कागदावरच्या प्रश्नांनी बायका बोलत्या होत नाहीत, हे ती अनुभवाने शिकली होती. म्हणून तिने अंगणात रांगोळीने नवे गाव काढले. शाळा, पाण्याची टाकी, देऊळ आणि कडेने ओढा. मग प्रत्येक कुटुंबाला पुठ्ठ्याचे एक छोटे घर दिले.

"जिथं राहावंसं वाटतं तिथं ठेवा. यात चुकीचं काही नसतं," ती म्हणाली.

लक्ष्मीबाई कांबळे ते घर ओच्यात धरून बराच वेळ उभ्या होत्या. जुन्या गावात बौद्धवस्ती ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की पोरांची शाळा बुडे. त्यातच त्यांची लेक अंजना चौथीतून घरी बसली ती कायमची. आता नात अक्षता सहा वर्षांची झाली होती. लक्ष्मीबाईंनी घर शाळेला लागून ठेवले, दार शाळेकडे करून.

"ताई, हितं चालंल न्हवं?"

"का नाही? निवड तुमची आहे."

शेजारी वरच्या आळीतल्या सुलाबाईंनी ठेवलेले घर होते. त्यांनी ते उचलून देवळाकडे नेले. मग आणखी एकीने आपले उचलले. मग तिसरीने. थोड्या वेळात शाळेजवळ लक्ष्मीबाईंचे एकटे घर उरले.

माजी सरपंच भाऊसो खुर्चीवरून उठलेही नाहीत. "लक्षुमे, ह्ये कागदावर जानार हाय. तुमची वस्ती ओढ्यापलीकडंच बरी."

"आवं, पर ताईच म्हनल्या, वाटंल तितं ठेवा."

"ताई सांजच्या यष्टीनं सांगलीला जातील. तुमाला आमच्यातच ऱ्हायचं हाय."

संयोगिता मध्ये पडली. "असं वेगळं बसवता येत नाही, कायदा आहे."

"आमी कुनाच्या घराला हात लावला का, बाई? ज्येनं त्येनं आपल्या हातानं ठेवायचं."

लक्ष्मीबाईंचे पती सोपान वीस वर्षे भाऊसोंच्या रानात राबत होते. ते बायकोजवळ वाकले. "उचल. समद्यांनी तोंड फिरवल्यावर शाळा जवळ असून काय करायची?"

लक्ष्मीबाईंनी घर उचलले. रांगोळी मोडू नये म्हणून पाऊल उंच टाकून त्या ओढा ओलांडून गेल्या आणि पलीकडे घर ठेवले. त्याच क्षणी संयोगितासोबत आलेल्या संस्थेच्या माणसाने फोटो काढला.

सांगलीत संयोगिताने घडले ते सगळे लिहून दिले. वरिष्ठांनी ती दोन पाने अहवालातून काढली. "तक्त्यात शेवटची जागा लिहायची असते. बाईंनी स्वतः ठेवलंय, फोटोत दिसतंय." ती भांडली. तालुक्याला आणि जिल्ह्याला पत्रे धाडली. पोच आली, उत्तर आले नाही.

दोन वर्षांनी, ऐन श्रावणात, ती नव्या गावठाणात गेली. बौद्धवस्ती ओढ्यापलीकडेच होती. गुडघाभर पाण्यातून ती पोहोचली, तेव्हा शाळेच्या वेळेला अक्षता दारात तांदूळ निवडत बसली होती. लक्ष्मीबाईंनी पाहुणीला बसायला पोते अंथरले, चहा ठेवला. संयोगिताने माफी मागितली.

"तुमचा काय दोस, ताई?" लक्ष्मीबाई चुलीकडे बघत म्हणाल्या. "पर तुमी इचारलं नसतं तर बरं झालं असतं. मला कुटं ऱ्हायाचंय, ह्ये तवापातूर मलाच ठावं नव्हतं."