या नावाचं कुणी नाही

गेल्या माघात माझी जाऊ ठमाबाई कोरियन शिकायला बसली. मी समोर पोह्यांचे पापड लाटत होते. हाताला काम होतं म्हणून तोंड गप्प राहिलं.

शिकवणारी तिची नात, मनस्वी. मनू रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. तिथे आलेल्या सांगहून नावाच्या कोरियन इंजिनिअरशी तिचं जमलं. मुलगा रोह्याशेजारच्या अष्टमी गावात खोली घेऊन राहतो, सुकट आवडीने खातो, वाकून नमस्कार करतो. त्याला वडील नाहीत. त्याची आई कोरियाहून आली होती आणि रविवारी आमचं पेणमधलं रामवाडीचं घर बघायला येणार होती. ती हो म्हणाली तर लग्न, नाहीतर नाही, हे मनूने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"आजी, म्हण. आंजुसेयो. म्हणजे बसा."

"आंजू... अंजीर काय गो ते?"

"आणि भाताला बाप म्हणतात."

"अगो बाय! म्हणजे रोज दोन टाइम बाप खायचा?" ठमाबाई पोट धरून हसली.

मी पापड उचलून चटईवर टाकला आणि म्हटलं, "आंजुसेयो."

मनूने वळून पाहिलं. "छोटी आजी, तुला कसं गो एकदम जमलं?"

"आमच्या तेलुगूत लहानाला कूर्चो म्हणतात, मोठ्याला कूर्चोंडी. मान शेवटाला जोडायचा. यांचंही तसंच दिसतंय."

"व्हय गो! लहानाला नुसतं आंजा." मनू माझ्याजवळ सरकली. मग आम्ही दोघी एकेक शब्द समोरासमोर ठेवत गेलो. आई त्यांच्यात ऑम्मा, आमच्यात अम्मा. त्यांचं ना म्हणजे मी, आमचं ना म्हणजे माझं. पाणी मात्र जुळेना. नीळ्ळु कुठे आणि मुल कुठे. भात नाही, आकडे नाहीत. शब्द परके होते, पण चाल ओळखीची होती. खुर्ची बाई आणि पाट पुरुष ही भानगड तर दोन्हीकडे नव्हती. त्याच भानगडीपायी हे घर मला कित्येक वर्षं हसलं होतं. मी "तो खुर्ची" म्हटलं, की ठमाबाई शेजारणीला हाक मारून ऐकवायची.

आता मात्र तिचं हसू गेलं. "बस झालं तुझं यंडूगुंडू. त्या बाईसमोर नको काढूस. आपली अब्रू जाईल."

मी पुन्हा लाटणं हातात घेतलं.

मी तेलंगणातल्या पालमूरकडची. रोह्यापर्यंत रेल्वेची लाईन टाकत होते, तेव्हा आमची माणसं माती खणायला आली. कुंडलिका नदीच्या काठाला आमची पालं होती. पावसाळ्यात मिठागर बंद असलं की पेणची माणसंही त्या कामावर यायची. त्यांतल्याच काळुरामशी माझं लग्न झालं. लग्नात त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, जनी. आमच्याकडे मुलीचं नाव बदलत नाहीत. माझी आई मांडवभर "यादम्मा, यादम्मा" करत मला शोधत होती आणि ठमाबाई तिची नक्कल करून बायकांना हसवत होती.

पुढच्या वर्षी आई आजारी पडली. अंगात ताप घेऊन ती रोह्याहून मला बघायला पेणला आली. मी मिठागरावर होते. दारात ठमाबाई होती. आईला मराठी येत नव्हतं. ती एवढंच विचारत राहिली, "यादम्मा? यादम्मा?"

ठमाबाईने सांगितलं, "या नावाचं कुणी नाय इथं." आणि दार लावून घेतलं.

हे मला कोपऱ्यावरच्या दुकानातल्या आमनाभाभीने सांगितलं. आई तिच्या ओट्यावर पाणी प्यायली होती आणि रडत परत गेली होती. मी रोह्याला पोचले तोवर पालं उठून पुढे गेली होती. आई वाटेतच वारली, एवढं कळलं. कुठे पुरलं, ते कुणी धड सांगेना.

मी ठमाबाईला विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय कळतंय तिचं बोलणं? आणि खोटं काय बोलले मी? तू जनी ना?"

काळुराम म्हणाला, सोडून दे. तो गेला, तिचा नवरा गेला. एका घरात दोन चुली आणि आम्ही दोघी राहिलो. मी सोडलं नव्हतं.

रविवारी सांगहून आपल्या आईला घेऊन आला. बुटकी, काटक बाई, करड्या केसांची. चपला काढताना तिने त्या स्वतःच सरळ मांडून ठेवल्या. मनूचे आईबाप, म्हणजे ठमाबाईचा मुलगा निलेश आणि सून, नागोठण्याहून आले होते. ठमाबाई नवं लुगडं नेसून पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "आंजुसेयो." एकदम बरोबर. ती बाई खूश झाली. माझ्या मनात काय झालं ते मी लिहीत नाही.

मी पोहे आणि तळलेले पापड आणून ठेवले. सांगहूनच्या आईने एक पापड उचलला, पण तोंडात घातला नाही. ती मनूकडे बघून सावकाश बोलली. मनूने आम्हाला सांगितलं, "त्या विचारतात, मला तुमची भाषा येत नाही. उद्या मुलाची आठवण आली आणि मी एकटीच या दारात आले, तर मला कोण ओळखेल?"

"अगो, हे काय विचारणं झालं?" ठमाबाई छातीवर हात ठेवून म्हणाली. "सांग तिला. भाषा येत नाय म्हणून या दारातून कुणी माघारी गेलं नाय."

मी तिला कधी तू म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

"मनू, हे सांगू नको. खोटं हाय. ठमे, खरं काय ते तू सांग."

निलेश उठला. "काकी, आज नको. काय असेल ते नंतर बघू."

"तू बस."

ठमाबाईचा चेहरा उतरला. तिने माझा हात धरला. "जने, पाया पडते तुझ्या. पोरीचं मोडशील."

"मोडू दे."

मनूला मी मांडीवर वाढवली आहे. तिच्या तोंडाकडे न बघता मी ठमाबाईला म्हटलं, "तू सांगतेस का मी सांगू? मी सांगितलं तर सगळं सांगेन. मांडवातली नक्कल पण."

सांगहून आणि त्याची आई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. काय म्हणतात, असं त्याने मनूला विचारलं. मनूचं तिकडे लक्ष नव्हतं. ती ठमाबाईकडे बघत होती. "आजी, काय गो?"

मग ठमाबाईने सांगितलं. खाली बघून, तुटक तुटक. हिची आई आली होती. आजारी होती. यादम्मा म्हणत होती. मला कळलं होतं. मी म्हटलं, या नावाचं कुणी नाय.

"का?" मनूने विचारलं.

"लाज वाटली. फाटक्या लुगड्यातली बाई. दारात शेजारपाजारच्या बायका होत्या."

मनूने ते सगळं कोरियनमध्ये सांगितलं. मधे तिने थांबून पाणी घेतलं आणि पुढे सांगितलं. एक शब्दही गाळला नसावा. ती तशी पोर नाही.

सांगहूनची आई उठून माझ्यासमोर येऊन बसली. तिने काहीतरी विचारलं आणि त्यात ऑम्मा मला ऐकू आलं. मनू म्हणाली, "तुझ्या आईचं नाव विचारतात."

"पोचम्मा."

"पोचम्मा," ती बाई म्हणाली. या घरात ते नाव पहिल्यांदा कुणीतरी घेतलं. मग तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, ठमाबाईलाही. हातातला पापड परत ताटात ठेवला आणि निघाली. विचार करून कळवते म्हणाली.

मनू त्यांच्याबरोबर गाडीत बसायला निघाली. दाराशी ती मला म्हणाली, "आजच सांगायचं होतं तुला?"

"दुसऱ्या कुठल्या दिवशी कुणी ऐकलं नसतं."

ती गाडीत जाऊन बसली. वाईट मला वाटलं. पण केल्याचं वाईट वाटलं नाही.

मनू पुढचा आठवडा घरी आली नाही, फोनही केला नाही. ठमाबाईचं जेवण कमी झालं. गाडी थांबल्यासारखी वाटली की ती बाहेर येऊन बघायची. "फोन आला काय गो?" असं ती विचारायची. मी उत्तर द्यायची नाही.

मग एका सकाळी फोन वाजला. माझा.

"छोटी आजी, त्या हो म्हणाल्या," मनू म्हणाली. "पण मी अजून तुझ्यावर रागावलेय."

"राग धर. धरायलाच पायजे."

"आजीचा फोन मी घेणार नाय इतक्यात. तू सांग तिला."

मी फोन ठेवला. ठमाबाई पडवीच्या खांबाला धरून उभी होती. माझं बोलणं तिने ऐकलं होतं, मनूचं ऐकू आलं नव्हतं.

"मनूचा ना? काय म्हणाली? ठरलं काय?"

ऊन चढलं होतं. मी अंगणात जाऊन पापड उलटायला लागले.

"जने, ठरलं की मोडलं? एवढं तरी सांग गो."

एक ओळ उलटून झाली. मी दुसरी घेतली. तिला कळेल कधीतरी, निलेश सांगेल. मी सांगितलं नाही.