राणीमावशीचं उत्तर

"पुस्तकात लिहिलंय की राक्षस जंगलातून येतो. पण आमचा राक्षस महालातच राहतो. तर डाव सुरू होताना त्याला कुठे ठेवायचं? कृपया नियम कळवावा."

वहीचं पान फाडून पेन्सिलीने लिहिलेलं पत्र. अक्षर मोठं, गोल, शेवटाकडे ओळ सोडून खाली घसरलेलं. राणीमावशी वाचून हसल्या आणि डाव्या हाताच्या खणातून त्यांनी उत्तर क्रमांक सात काढलं.

राणीमावशी हे काही त्यांचं नाव नव्हे. खेळ बनवणाऱ्या त्या कंपनीत मुलांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. प्रत्येक उत्तराखाली 'तुझी लाडकी राणीमावशी' अशी सही करायची आणि शेजारी मुकुटाचा शिक्का मारायचा. आधी ऑफिसातले लोक गमतीने तसं म्हणायचे, मग सवयीने. खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

कंपनीचा खेळ एकच होता, खोकी मात्र दोन. निळ्या खोक्यात लढवय्या, चोर, जादूगार. तलवारी, ढाली आणि प्रत्येकाच्या नावापुढे ताकदीचा आकडा. गुलाबी खोक्यात राजकन्या, परी, वैद्यबाई. आरसा, फुलं आणि ताकदीच्या जागी मायेचा आकडा. ज्याने त्याने आपलं पात्र निवडायचं आणि डाव संपेपर्यंत त्याच्यासारखं बोलायचं, वागायचं. राक्षस आला की निळ्या खोक्यातले लोक त्याच्यावर तुटून पडत. गुलाबी खोक्यातल्या राजकन्येला तीन गोष्टी करता येत. गाणं म्हणायचं, फूल द्यायचं, नाहीतर राजपुत्राला हाक मारून आपला डाव सोडायचा.

राक्षसाबद्दल काहीही विचारलं तरी उत्तर क्रमांक सात जाई. 'प्रिय राजकन्ये, राक्षस मुळात वाईट नसतो. त्याच्याशी गोड बोल, धीर धर. मायेपुढे सगळे विरघळतात.' मावशींनी शिक्का मारला, पाकिटाला जीभ लावली आणि पुढचं पत्र उघडलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा तीच पेन्सील. "मी फूल दिलं. गाणं तीनदा म्हटलं. तो संध्याकाळपर्यंत बरा होता. मग परत आमच्यावर धावून आला. वर्गातल्या एकाकडे निळं खोकं आहे. त्यातली ढाल आमच्या खोक्यात चालते का?"

असं काही आलं की साहेबांना विचारायची पद्धत होती. साहेब भला माणूस. आवाज म्हणून चढवायचा नाही, दोन मुलींचा बाप. त्यांनी मावशींना बसायला सांगितलं, पत्र वाचलं आणि दोन खोकी एकत्र खेळू नयेत असं कळवा म्हणाले. मुलींना मारामारी आवडत नाही, कंपनीने तशी पाहणी केलेली आहे. मावशी म्हणाल्या, ही तर ढाल मागतेय, ढालीने कोणी कुणाला मारत नाही.

"एक मागतेय, मावशी. बाकीच्या तीस हजार मागत नाहीत."

मावशींनी तसं कळवून टाकलं.

तिसरं पत्र महिन्याभराने आलं. त्याला मात्र खणातलं एकही उत्तर लागू पडेना, म्हणून त्यांनी ते पर्समध्ये टाकून घरी नेलं.

घरी ताई होती. मावशींची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती इथे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली होती. ताईने कपबशी ठेवली तरी आवाज होत नसे. ती खोलीत आली आहे हे कळायला मान वळवावी लागे. दार लावताना ती आधी बोट मध्ये धरायची, मग हळूच काढून घ्यायची. मावशींनी सुरुवातीला चेष्टा केली होती, तुझ्या पायाला काय कापूस बांधलाय का म्हणून. पुढे त्यांनी ते बोलणं सोडलं.

ताई शेंगा सोलत बसली होती. मावशींनी पत्र मोठ्याने वाचलं.

"राजकन्या आणि राणी बाथरूममध्ये आहेत. आतून कडी लावली आहे. महालाच्या नकाशात बाथरूम नाही म्हणून मी पेन्सिलीने काढलं. तिथे किती डाव बसता येतं? फाशाचा नियम मी असा केला आहे. राक्षस बूट काढून आला तर दोन ठिपके. बूट घालूनच आत आला तर सहा. बरोबर आहे का?"

ताईचे हात थांबले. तिने पत्र मागून घेतलं, स्वतः वाचलं, मग पालथं करून मांडीवर ठेवलं.

"हे खेळाचं पत्र नाहीये," ती म्हणाली.

खरं तर दुसऱ्या पत्राच्या वेळीच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. पण कामाच्या रगाड्यात त्यांनी ती झटकून टाकली होती, आणि झटकता आली याचंच त्यांना आता बरं वाटत नव्हतं.

"बूट जिन्यातच ऐकू येतात," ताई म्हणाली. "मी मोजायची. तू काय कळवलंस हिला?"

मावशींनी सांगितलं. गोड बोल, धीर धर. ताईने पुन्हा शेंगा हातात घेतल्या. दोन-तीन सोलून झाल्यावर ती अगदी साध्या सुरात म्हणाली, "मलाही तू तेच कळवलं होतंस. सांभाळून घे म्हणून."

तेव्हा मावशी सतरा वर्षांच्या होत्या. ताईचं सासरहून पत्र आलं होतं, त्यात फक्त मला घेऊन जा एवढंच होतं. उत्तर वडिलांनी सांगितलं आणि मावशींनी उतरवून घेतलं. त्या म्हणाल्या, "अगं, वडिलांनी सांगितलं ते मी लिहिलं."

"अक्षर तुझं होतं," ताई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मावशींना तोंड देता आलं असतं.

त्या रात्री मावशींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ऑफिसात पोहोचल्याबरोबर त्यांनी कोऱ्या कागदावर पत्र लिहिलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, तुमच्या बाईंना सांग, शेजारी ज्या कोणाचं दार उघडं असेल त्यांना सांग, मला या नंबरवर फोन कर, मी येईन. खाली शिक्का मारला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं नाव घातलं. मग निळ्या खोक्यातली एक पत्र्याची ढाल, अंगठ्याच्या नखाएवढी, पाकिटात टाकली आणि टपाल स्वतः नेऊन पेटीत सोडलं.

पाच दिवस फोन आला नाही. सहाव्या दिवशी अर्धी रजा टाकून मावशी पत्त्यावर गेल्या.

दोन बस बदलून जायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं दार एका सडपातळ माणसाने उघडलं. शर्टाला इस्त्री, केस नीट विंचरलेले, आवाज मऊ. मावशी मनात वेगळंच काही घेऊन आल्या होत्या, त्यामुळे गोंधळल्या. त्याने आत बोलावलं, पाणी आणून दिलं. बायको आणि मुलगी माहेरी गेल्या आहेत म्हणाला. मग फळीकडे हात केला. तिथे मावशींचं पत्र होतं, उघडलेलं, नीट घडी घातलेलं. त्यावर ती ढाल.

"तुम्हीच का त्या राणीमावशी?" तो म्हणाला. "पोरीला काय काय सुचतं बघा. खरं तर माहेरी नाहीत त्या. तुम्हाला ठाऊक असेल कुठे आहेत."

मावशींना खरंच ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलं. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या हसल्या. पाणी थंड आहे म्हणाल्या, घर छान ठेवलंय म्हणाल्या. त्याने कंपनी कुठे, कितवा मजला, सुटता किती वाजता असं विचारलं, आणि त्यांनी शाळेतल्या मुलीसारखं सगळं सांगून टाकलं. गाल दुखेपर्यंत त्या हसत होत्या. उठताना समोर बाथरूमचं दार दिसलं. आतल्या बाजूला कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती आणि तिथलं लाकूड उभं चिरलेलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या बाईने दार फटीएवढं उघडून सांगितलं, की दोघी आठवड्यापूर्वीच गेल्या, भर सकाळी, एक पिशवी घेऊन. पोरीच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. म्हणजे मावशींचं पत्र पोहोचण्याआधीच. त्या पत्राने कुणाचं काही भलं केलं नव्हतं. पोरीने घरातलं बाहेर सांगितलं हे तेवढं त्या माणसाला कळवलं होतं. पोलीस चौकीतल्या अंमलदाराने सगळं ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मग म्हणाला, त्या आपणहून गेल्यात, तर तक्रार नेमकी कोणाची लिहायची?

त्यानंतर तो माणूस कंपनीत येऊ लागला. दर मंगळवारी, अकराच्या सुमारास. तळमजल्यावर बाकावर बसायचा, कुणाला त्रास नाही की चढा शब्द नाही. आज काही पत्र आलं का एवढंच विचारायचा. बुटांना चकचकीत पॉलिश असे. साहेबांना त्याची कीव येई. "बाप आहे हो शेवटी," ते म्हणत, आणि काही आलं तर पत्ता देऊन टाका असंही त्यांनी मावशींना सांगून ठेवलं. मावशींनी एकदा चिरलेल्या दाराचं सांगितलं. साहेब अस्वस्थ झाले, पण घरोघरच्या दारांची कशाला उठाठेव करायची, म्हणाले.

मावशींना आता बूट ऐकू येऊ लागले. कॉरिडॉरमध्ये कुणी चाललं की पेन थांबे. बसमधून उतरल्यावर मागे पावलं वाजत. वळून पाहिलं तर कोणीतरी भाजीची पिशवी घेतलेलं आपल्या वाटेने जात असे. घरी जिन्यात चाहूल लागली की दोघी बहिणी एकाच वेळी मान वर करत आणि एकमेकींकडे न बघता पुन्हा खाली घालत. ताई त्यांना काही विचारत नव्हती. मावशीही हल्ली दार लावताना बोट मध्ये धरायला लागल्या होत्या.

त्या वर्षी गुलाबी खोक्याची नवी आवृत्ती निघाली. आरसा मोठा झाला. उत्तर क्रमांक सातचा गठ्ठा मावशींनी गुपचूप रद्दीत घातला, तर आठवड्याच्या आत नवा छापून आला.

सात महिन्यांनी पेन्सिलीचं अक्षर पुन्हा आलं. मंगळवार होता. दहा वाजून गेले होते. पाकिटावर 'राणीमावशी' एवढं पाहूनच त्यांनी पाकीट उलटं न करता कडेने फोडलं आणि आतला कागद काढला.

"आम्ही आता दुसरीकडे राहतो. खोकं घाईत तिकडेच राहिलं. मी कागदावर नवा पट काढला आहे. त्यात राजकन्या आणि राणी बाहेर पडतात आणि राक्षसालाच आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. गाणं म्हणत नाहीत. हे नियमात बसतं का? आईने पाकिटाच्या मागे पत्ता घातला आहे. उत्तर नक्की पाठवा, मी वाट बघते."

बसतं, असं मावशींच्या ओठांवर आलं. नुसतं एक शब्दाचं उत्तर. कागद समोर होता, पेन हातात होतं. पाकीट उलटं करायचं एवढंच बाकी होतं.

खाली फाटक वाजलं. अकराला दहा मिनिटं कमी होती. तो आज लवकर आला होता.

मावशी स्वतःला ओळखत होत्या. तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा पेला हातात घेऊन बसलेली ती बाई त्यांनी सात महिने रोज पाहिली होती. कुणी मऊ आवाजात विचारलं की ती हसणार आणि असेल ते सांगून टाकणार. पत्ता एकदा वाचला की तो डोक्यात राहणार, आणि डोक्याला काही कडी नसते. खणात लपवावा तर किल्ली साहेबांकडेही होती.

त्या उठल्या. पाकीट तसंच, उलटं न करता, तळहातावर धरून बायकांच्या स्वच्छतागृहात गेल्या आणि नळाखाली धरलं. टपालाचा शिक्का नेहमीसारखा पुसट होता. तो त्यांनी उजेडाला धरून पाहिला नाही. मागून निळी शाई पाझरत बोटांच्या बेचक्यात आली आणि बेसिनमध्ये उतरली. कागदाचा लगदा होईपर्यंत त्यांनी तो चुरगाळला, नळ बंद केला, तो कचऱ्यात टाकला आणि हात पुसले.

जागेवर येतात तोच साहेबांचं बोलावणं आलं. तो माणूस समोरच्या खुर्चीवर बसला होता. साहेबांनी नेहमीचं विचारलं. मावशी म्हणाल्या, "पत्ता माझ्याकडे नाही." तो त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. त्यांनी बघू दिलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हता, आणि हे त्याला दिसलं असावं, कारण त्यानंतर तो आणखी दोन मंगळवार आला आणि मग यायचा थांबला.

पत्र त्यांनी घरी नेलं. ताईने चष्मा लावून ते सावकाश वाचलं. कुलपाच्या ओळीवर परत गेली, पुन्हा वाचलं.

"उत्तर काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"नाही लिहिता येणार," मावशी म्हणाल्या, आणि पाकिटाचं काय केलं ते सांगितलं.

ताईने पत्राची घडी घातली आणि ते मावशींच्या हातात परत दिलं. देताना तिचा हात क्षणभर मावशींच्या हातावर राहिला.

कुठेतरी एक मुलगी शाळेतून आली की आधी टपाल आलंय का ते बघत असेल. दोन आठवडे बघेल, फार तर महिनाभर. राणीमावशी अशाच असतात, मोठ्या माणसांना आठवत नाही, असं आई तिला समजावून सांगेल. मग ती बघायचं सोडून देईल.