बारा अंड्यांचा केक

मधाचा केक मधोमध बसला होता. हात लावला की खरवसासारखा थलथलत होता. ब्लिमाने ओव्हनचं दार धाडकन लावलं.

"तूच म्हणालीस, बारा अंडी!"

"तूच सांगायचीस बारा," टेबलाशी बसलेली सेरेन म्हणाली. "मी आपली ऐकणारी."

दोन दिवसांनी ब्लिमाच्या लेकीचं लग्न होतं आणि पंगतीला आपल्या आईचा केक हवाच, असा ध्यास ब्लिमाने घेतला होता. आईचं दुसरं काहीच उरलं नव्हतं, साधा फोटोसुद्धा नाही. नाझींनी मुंकाच गावातल्या सगळ्या ज्यूंना आगगाडीत कोंबून नेलं तेव्हा ब्लिमा सोळा वर्षांची होती. फलाटावर आईला एका रांगेत काढलं, हिला दुसऱ्या. पुन्हा भेट नाही. छावणीतल्या झोपायच्या फळीवर शेजारी सेरेन आली, ती आज इस्रायलमध्ये, हैफातही भिंतीला भिंत लावून राहत होती.

त्या फळीवर मुली तोंडाने स्वयंपाक करायच्या. पोटात कण नाही आणि भांडणं कशावरून, तर माशात साखर घालायची की मिरी! ब्लिमा रोज आईचा केक करायची. सेरेन घरच्या रीतीची, सोवळ्याओवळ्याची पक्की. "अंडं आधी पेल्यात फोड," ती दटावायची. "रक्ताचा ठिपका नाही ना, बघ." ब्लिमाही नसलेला पेला उजेडाकडे धरायची. किती हसायच्या दोघी! ते हसणं ब्लिमाला अजून आठवायचं, आणि तिथलं काही गोड वाटावं याची लाजही वाटायची.

सेरेनने चमच्याने केकचा मधला लगदा खाल्ला. टाकून देणं दोघींना या जन्मी जमणारं नव्हतं.

"तू रोज एक अंडं वाढवायचीस, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? मलाही हवंच असायचं की ते."

ब्लिमाने बसलेल्या केककडे पाहिलं. म्हणजे हा आईचा केक नव्हताच, भुकेचा होता. आईचा तिथेच संपला, आईसारखा. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय, वेडे? पहिल्या दिवशी चार होती."

"नक्की?"

"एकेक बघितलंय मी पेल्यात. चारच. आईने गाडीत दिलेला पाव त्या दिवशी तुझ्या पोटात होता अजून."

ब्लिमाने पेला पुसला. पहिलं अंडं फोडून उजेडाकडे धरलं. सेरेनने डोळे बारीक करून मान डोलावली. चौथं झालं आणि ब्लिमाचा हात पाचव्याकडे गेला. सेरेन काही बोलली नाही. मग ब्लिमानेच हात मागे घेतला आणि उरलेली अंडी एकेक करून टोपलीत परत ठेवली.