हैदराबादहून आणलेले पाणी

मित्रांनो, हैदराबादच्या त्या शर्यतीत दोन माणसांचे मेडल हुकले, आणि ते हुकत असताना मी मात्र आनंदात होते. त्याची मला अजून लाज वाटते. एका जुन्या छागलीने आपली कहाणी सांगावी इतके तिच्या आयुष्यात काही असते का, अशीही शंका मनात येते. तरी सांगते. कंटाळा आला तर सोडून द्या.

छागल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली नसेल. जाड कॅनव्हासची पिशवी, वरच्या कोपऱ्याला लाकडी बुचाचे तोंड आणि अडकवायला पट्टा, एवढाच माझा देह. आत पाणी भरले की ते कापडातून हळूहळू पाझरते, त्याला वारा लागतो आणि आतले पाणी गार होते. थोडे पाणी गमावल्याशिवाय उरलेले गार करणे मला जमत नाही. पाऊसपाणी बरे होते तेव्हा हे कुणाच्या लक्षातही आले नाही. दुष्काळात मात्र माझ्या तळाशी लोंबणारा प्रत्येक थेंब मला टोचतो.

लासूर स्टेशनला बन्सी शिंप्याने मला शिवले. धोंडिबा ट्रक चालवायचे. त्यांनी मला ट्रकच्या पुढच्या जाळीला अडकवले. कापूस, कांदा, ज्वारी घेऊन आम्ही वैजापूरच्या बाजारात जात असू. हमाल पोती उतरवून आले की आधी माझ्याकडे बघत. "धोंडिबा, तुझ्या छागलीचं पाणी लई गोड," असे म्हणत. पाणी विहिरीचे होते, त्यात माझे काहीच नव्हते. तरी ऐकून बरे वाटे.

पुढे थंडगार बाटल्या आल्या, घरोघरी फ्रीज आले. मी दाराआडच्या खिळ्यावर गेले. धोंडिबा वारल्यावर त्यांच्या मुलीने, अंबिकाने, मला संभाजीनगरला नेले आणि घडी घालून माळ्यावर ठेवले. तिचे घर बीड बायपासपलीकडच्या नव्या वस्तीत होते. आधी तिथे शेते होती म्हणे. आता इमारतींवर इमारती चढत होत्या, आणि प्रत्येक गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या. त्या बहुधा रिकाम्या असत.

अंबिकाचे यजमान केशवराव एका कचेरीत कारकून होते. त्यांना शाळेपासून कशाचेच बक्षीस मिळालेले नव्हते. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण शेजाऱ्यांच्या शोकेससमोर ते जरा जास्त वेळ उभे राहत. पन्नाशीत त्यांना पळण्याचा नाद लागला. एकट्याने पळायची हिंमत नव्हती, म्हणून अंबिका सोबत निघाली. "संगं पळायचं, संगं संपवायचं," असे तिने ठरवून टाकले. पहाटे दोघे विद्यापीठाच्या रस्त्याने पळत. बाटलीतले पाणी कोमट होई, म्हणून तिने मला माळ्यावरून काढले.

वर्षानुवर्षे कोरडी पडलेली छागल पहिल्यांदा भरली की गळते. धागे भिजून फुगेपर्यंत तिला पाणी धरून ठेवता येत नाही. मी पहिल्या दिवशी सगळे पाणी सांडून टाकले. त्या आठवड्यात नळाला पाणी आले नव्हते. अंबिकाने खाली बादली लावली आणि गळलेले पाणी भांडी घासायला नेले. ती रागावली असती तर बरे झाले असते.

तिने माझा पट्टा वाढवला आणि मला आडवे खांद्यावर घेतले. बाकीचे पळणारे हसत. "वहिनी, टपाल वाटायला निघालात का?"

"व्हय, तुमचंच पत्र आहे. पोट कमी करा म्हणून लिहिलंय," ती म्हणे. केशवराव मान खाली घालून हसत.

त्या वर्षी ऑगस्ट अर्धा सरला तरी पाऊस नव्हता. जायकवाडी तळाला गेले होते. घरी केशवरावांची आई, द्वारकाबाई, नळाची वाट बघत बसे. अंगणातला कढीपत्ता वाळत चालला होता, कारण माणसांना पुरत नव्हते तिथे झाडाला कोण घालणार? अशात दोघे हैदराबादला अर्धमॅरेथॉन पळायला निघाले. घर सोडतानाच अंबिकाला अपराध्यासारखे वाटत होते. "आपण मजेला चाललो, आणि नळ आला तर आत्याबाई एकट्या," असे ती गाडीत दोनदा म्हणाली.

शर्यत हुसेनसागराच्या काठाने सुरू झाली. एवढे पाणी बघून अंबिका क्षणभर पळायची थांबली. मग लागले उड्डाणपुलांचे चढ. वाटेत ठिकठिकाणी मुले पाण्याच्या बाटल्या देत होती. पळणारे एक घोट घेत आणि बाटली फेकून देत. अर्ध्या, पाऊण भरलेल्या बाटल्या रस्त्याच्या कडेला लोळत होत्या.

अंबिका वाकली. तिने एक बाटली उचलली आणि माझ्या तोंडात रिकामी केली. मग दुसरी.

"अगं, उष्टं आहे ते," केशवराव म्हणाले.

"पिणार कोण आहे? कढीपत्त्याला होईल."

"हैदराबादहून कढीपत्त्याला पाणी?"

"मग काय गटारीला घालू?"

रस्त्यावरच्या पोलिसाला गंमत वाटली. "अम्मा, ये क्या कर रहे जी? भागो, टैम हो रा!"

"पानी है भैया, फेकने को कैसा होता?" अंबिका म्हणाली आणि पुढची बाटली उचलली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी गळ्यापर्यंत भरत होते. माझे धागे फुगले होते, पोट गार झाले होते, आणि मी सुखात होते. मी जड होते आहे, पट्टा अंबिकाच्या मानेत रुततो आहे, तिचे पाऊल मंदावते आहे, हे मला कळत होते. तरी पुढचे पाण्याचे टेबल दिसले की मला वाटे, अजून थोडे. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. केशवराव गेले नाहीत. प्रत्येक टेबलापाशी ते थांबले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

आम्ही पोहोचलो तेव्हा शर्यत संपते तिथली कमान उतरवत होते. एक मुलगा दोऱ्या गुंडाळत होता. "सॉरी अंकल, टाइम हो गया. मेडल गए." केशवराव म्हणाले, "हौ हौ, कोई बात नहीं." आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडू लागले. त्या सुटायला बराच वेळ लागला.

दुपारी ठरल्याप्रमाणे शहर बघायला गेलो. चारमिनारपाशी जिकडेतिकडे गळ्यात मेडल घातलेली माणसे फोटो काढत होती. अंबिकाने बांगड्यांच्या दुकानाकडे पाहिलेही नाही. केशवराव मिनारांचा इतिहास सांगत होते. तो त्यांनी आधी पुस्तकात वाचून ठेवला होता. पण सांगता सांगता त्यांचे डोळे लोकांच्या गळ्यांकडे जात.

गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढताना अंबिका थांबली. "माझ्यामुळं गेलं तुमचं. या पाण्याला काय करू मी आता? ओतून टाकू का?"

केशवराव तिच्या मानेवरचा लाल वळ बघत होते. "एवढ्या वाटेत मी थांबलो, घड्याळ बघितलं," ते म्हणाले, "पण 'आण इकडं, मी घेतो' असं एकदाही म्हणालो नाही. वेळ त्यात गेला, अंबिका." त्यांनी मला तिच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतले. पायऱ्यांवर मी थेंब थेंब गळत होते. एरवी मला त्याची खंत वाटते. तेव्हा मात्र वाटले, निदान ओझे तरी हलके होते आहे.

घरी आलो तेव्हा मी निम्मीच उरले होते. दारातच पिंप भरलेले दिसले. आम्ही पळत होतो त्या सकाळीच नळ आला होता, आणि द्वारकाबाईंनी शेजारणीच्या मदतीने सगळे भरून ठेवले होते. अंबिकाचा चेहरा उतरला.

द्वारकाबाईंनी मला हात लावून पाहिला. "हे काय? पाणी? अगं, लोकं हैदराबादहून मोती आणतात, तुम्ही पाणी आणलं व्हय?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, मेडल दाखव, केशव."

"आत्याबाई, माझ्यामुळं..." अंबिका सुरू झाली.

"नाही मिळालं, आई," केशवराव मध्येच म्हणाले. "आम्हा दोघांना उशीर झाला."

मग ते मला घेऊन अंगणात गेले आणि कढीपत्त्याच्या आळ्यात माझे तोंड मोकळे केले. माती लगेच काळी झाली.

मित्रांनो, दाराआडच्या खिळ्यावर लोंबणाऱ्या जुन्या वस्तूंना अधूनमधून ओले करा, एवढे मी स्वतःसाठी मागते. आणि तुमच्याबरोबर चालणारे कुणी खांद्यावर काही वाहत असेल, तर घड्याळ बघण्याआधी हात पुढे करा. मी काय वाहत होते हे मला ठाऊक होते. मला कोण वाहत होते, ते मी फार उशिरा पाहिले.