राहिले, राहिलो

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बस सुटली तेव्हा जिभेवरची गोळी अर्धी विरघळली होती आणि तिची कड धारदार झाली होती. गोळी ती या गालातून त्या गालात सरकवत राहिली. चावायची नाही, विरघळू द्यायची. बोलायचं नाही, आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्यानं घसा जास्त सोलवटतो… डॉक्टर हे सांगताना तिच्याकडे बघत नव्हते, घशात घालायच्या आरशाच्या लांब दांड्याकडे बघत होते. स्वरतंतूंवर गाठी आहेत. शिक्षिका ना? मग वर्ग किंवा आवाज, दोनातलं एक ठरवा.

तीन दिवस ती बोलली नव्हती. घरात तिच्यावाचून सगळं सुरळीत चाललं होतं, उलट जरा जास्तच. मुलगी काल म्हणाली, "आई, तू गप्प आहेस तर बाबा घाबरलेत गं. सारखे विचारतायत, माझं काही चुकलं का." ती हसली, तेही आवाज न करता. हे सगळं दहा मिनिटांसाठी होतं. आज साडेअकराला शिक्षकांच्या परिषदेत ती निबंध वाचणार होती, आणि शिक्षण विभाग यंदा वाचनासाठी जो प्रशिक्षक नेमणार होता त्याची निवड या निबंधांवरून व्हायची होती. प्रशिक्षक म्हणजे बंद खोली, समोर दहा-बारा मोठी माणसं, हातात माईक. चाळीस डोक्यांवरून मागच्या भिंतीपर्यंत ओरडणं नाही. दहा मिनिटं नीट गेली तर वर्ग सुटेल आणि आवाज राहील, असा हा सरळ हिशेब होता आणि तो तिनं कुणालाच सांगितला नव्हता.

शेजारी पर्यवेक्षक सर बसले होते. शाळेच्या वतीनं कुणीतरी मोठं जायला हवं म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना पाठवलं होतं. मुलं त्यांना 'भोंगा' म्हणत. ते दुसऱ्या मजल्यावर "रांग!" म्हणाले की तळमजल्यावरची मुलं सरळ होत. माणूस वाईट नव्हता. थर्मासमध्ये तिच्यासाठी गरम पाणी आणलं होतं, अगदी झाकणात ओतून हातात दिलं.

"बाई, तुम्ही फक्त मान हलवा. बोलायचं काम माझं," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. पुढच्या बाकावरचा माणूस दचकून जागा झाला.

तिनं मान हलवली.

निबंध तिला तोंडपाठ होता. 'माझा आवाज बसला म्हणून मी वर्गाच्या मागे जाऊन उभी राहिले.' हे पहिलं वाक्य कितीदा खोडून शेवटी तिनं तसंच ठेवलं होतं, कारण घडलं तसंच होतं. एरवी ती पुढे उभी राहून वाचायची आणि वर्ग तिच्यामागून एका सुरात वाचायचा, आणि पुढून सगळी तोंडं सारखीच हलताना दिसतात. आवाज गेला तेव्हा तिनं खुणेनं सांगितलं, तुम्हीच वाचा, आणि थकून मागच्या भिंतीला टेकली… मागून चेहरे दिसत नाहीत. माना दिसतात, कान दिसतात. तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीचा डावा कान शेजारणीकडे किंचित कललेला होता. प्रत्येक शब्द ती अर्धा ठोका उशिरा म्हणत होती. आधी शेजारणीकडून ऐकायची, मग म्हणायची. दोन वर्षं ती मुलगी वर्गात होती. दोन वर्षं बाई पुढे उभी राहून तिला 'छान' म्हणत होती. त्या दिवशी अशी आणखी दहा मुलं सापडली, सगळी सुरात, सगळी अर्धा ठोका मागे, आणि एकालाही वाचता येत नव्हतं.

सभागृहाच्या प्रसाधनगृहात तिनं नळ सोडला आणि आवाज लावून पाहिला. "माझा," ती म्हणाली. फरशीवरून खुर्ची ओढावी तसं काहीतरी निघालं. पुन्हा म्हणाली. निघालं. म्हणजे होता, फाटका होता पण होता. हे नंतर दिवसभर ती स्वतःला सांगत राहिली, आणि सांगताना दरवेळी तो थोडा अधिक बरा होत गेला.

बाहेर सर कागद मागायला हात पुढे करूनच उभे होते. "द्या इकडे. उगाच घशाचं वाटोळं करून घेऊ नका. वाचायचंच तर आहे." तिनं कागद दिले. दिले, कुणी हिसकावले नाहीत. आणि देताना छातीतून जे काही खाली उतरलं ती सुटका होती, पण तिला ते नाव द्यायला ती तयार नव्हती.

निवेदकानं शाळेचं नाव घेतलं आणि सरांचं घेतलं. सर उभे राहिले, माईक बाजूला सारला, त्यांना त्याची गरज नव्हती, आणि म्हणाले, "माझा आवाज बसला…"

सभागृह फुटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बसला तर हा असा, उठला असता तर छप्पर गेलं असतं!" सरही हसले. हसता हसता त्यांनी हातानं ते वाक्य हवेतच पुसलं. "असो. तर मी वर्गाच्या मागे जाऊन उभा राहिलो."

राहिलो.

चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, तिला आधी फक्त व्याकरण ऐकू आलं. बरोबरच आहे, पुरुषानं 'उभी राहिले' कसं म्हणावं, आणखी हसले असते. पुढे 'मी ऐकलं' आलं, 'मला दिसलं' आलं. तिथं काही बदलावं लागत नाही, ती वाक्यं कुणाच्याही तोंडात बसतात. मग 'मी घाबरले' आलं. सर थांबले, अगदी जरासे. "मी… घाबरलो." 'मी रोज मागे जाऊ लागले.' "मी रोज मागे जाऊ… लागलो." प्रत्येक वेळी क्रियापदाआधी तो अर्धा ठोका. चारशे माणसांत तो मला एकटीला ऐकू येत होता. मी शोधून काढलेली तीच गोष्ट, आणि ती ऐकायला शिकलेली मी एकटीच… आणि ते वाचत होते फार छान. मी वाचलं असतं त्याहून छान. पानाच्या शेवटी शेवटी तर थांबेनासेच झाले, बदल तोंडात रुळला, 'गेलो', 'बसलो', 'म्हणालो' सरळ वाहू लागले, आणि मला क्षणभर वाटलं की हा माणूस खरंच त्या भिंतीपाशी उभा राहिलेला असणार.

टाळ्या. प्रश्न. पांढऱ्या केसांच्या एका शिक्षकानं विचारलं, "मागे जाऊन उभं राहायचं सुचलं कसं तुम्हाला?"

सरांची नजर तिच्याकडे वळली, तिच्यापर्यंत पोचली, आणि परत गेली. "अनुभव," ते म्हणाले. "तीस वर्षांचा अनुभव."

"आणि अशी मुलं सापडली की पुढे काय करता?"

"जादा तास घेतो."

मी जादा तास घेत नाही. मला कळलंय हे मी त्यांना बरेच दिवस कळूच देत नाही. दोन वेण्यांच्या मुलीला मी खडू आणायला पाठवते, खोक्यावरचं एकच अक्षर विचारते, चुकलं तर खोकं बदलते, तिला नाही टोकत. हे मी निबंधात लिहिलं नव्हतं. का कोण जाणे. आता वाटतं, बरं झालं.

जेवणाच्या रांगेत एक अनोळखी शिक्षिका तिच्या दंडाला धरून म्हणाली, "तुमचे सर किती बारीक ऐकतात हो! आमच्याकडचे तर स्वतःच्या घोरण्याशिवाय काही ऐकत नाहीत. नशीबवान आहात." तिनं मान हलवली. मान हलवण्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. खिडकीपाशी संचालिकाबाई सरांशी बोलत होत्या, विभागाच्या संचालिका, प्रशिक्षक नेमणाऱ्या. त्या हसत होत्या. सर पाठमोरे होते. त्यांची मान दिसत होती, ओठ दिसत नव्हते. ती ताट घेऊन तिकडे निघाली आणि मधल्या टेबलापाशी थांबली. जाऊन काय करणार होती? फोनवर लिहून दाखवणार होती, हे माझं आहे? दुकानात हरवलेल्या मुलासारखं?

परतीच्या बसमध्ये सर पुन्हा शेजारीच बसले. तिनं डोळे मिटले आणि मन जागेवर यावं म्हणून निबंध पहिल्यापासून म्हणायला घेतला, मनातल्या मनात. 'मी वर्गाच्या मागे जाऊन उभा राहिलो.' ती दचकली. पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच, त्याच खणखणीत आवाजात, शेवटच्या 'लो'वर तसाच जोर. तिचा स्वतःचा आवाज कसा होता ते आठवायचा प्रयत्न केला. फक्त खुर्ची ओढल्यासारखं ते आठवलं.

"बाई," सर म्हणाले. त्यांच्या मानानं ते हळूच होतं. "संचालिकांनी मला बाजूला घेतलं होतं. प्रशिक्षक म्हणून याल का, विचारत होत्या."

ती त्यांच्याकडे वळून बसली.

"मी सांगितलं त्यांना, काम बाईंचं आहे. तर म्हणाल्या, पण बाईंना आवाज कुठाय? प्रशिक्षकाला आवाज लागतो." त्यांनी हात पसरले. "मी म्हटलं, सोमवारी कळवतो. माझी आता दोनच वर्षं राहिलीत, बाई. मला कशाला हवंय हे सगळं? पण नाही म्हटलं तर ते शाळेच्या हातून जाईल. शेवटी नाव शाळेचंच होतं ना."

म्हणजे आवाज वाचावा म्हणून जी जागा हवी होती ती आवाज नाही म्हणून जाणार होती. इतकं नीटनेटकं. कुणी रचलं असतं तरी इतकं जमलं नसतं. आणि सर खरं बोलत असतील तर रागवायला कुणी उरतच नव्हतं. असतील तर.

"सर," ती म्हणाली.

समोरच्या बाकावरची दोन डोकी मागे वळली.

"अहो! बोलू नका, बोलू नका," सर घाईघाईनं म्हणाले. "तीन दिवस जपलंत ना? घसा…"

"त्यांना काय म्हणालात?"

"सांगितलं ना आत्ता."

"नेमकं. शब्द सांगा."

"आता शब्द काय सांगू, बाई? जेवताना बोलणं झालं. तुमचंच काम आहे, सगळ्यांना माहीत आहे."

"कुणाला?"

घसा जळत होता. शब्द मध्येच तुटत होते, अर्धे हवाच होऊन जात होते, आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याचं काही वाटत नव्हतं. समोरची डोकी अजून वळलेलीच होती. त्यांना ते कुरूप वाटत असेल तर वाटू दे. सोमवारी पहिला तास तिचा होता. आवाजाचं काय उरेल ते तिथं बघता येईल.

"कुणाला माहीत आहे, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर दिवे लागले होते. पोचायला अजून तासभर होता, तिनं दुसऱ्यांदा विचारलं होतं, आणि सर खिडकीबाहेर बघत होते.