भुरीची साखर

गादीवर लघवी मी करत होतो आणि नाव मांजराचं होत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाला उगाच दया यायला नको.

मी हिरामण, एसटीचा रिटायर कंडक्टर. नाशिक-येवला, नाशिक-मालेगाव, सगळे रूट केले. कंडक्टरची निम्मी नोकरी लघवी दाबून धरण्यात जाते, हे प्रवाशांना कधी कळत नाही. मला त्याचा गर्व होता. ड्रायव्हर चांदवडच्या अलीकडे गाडी थांबवून आडोशाला पळायचा आणि मी दाराशी आरामात तंबाखू मळत उभा राहायचो.

आता इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या दिवाणावर माझा मुक्काम. मुलगा सुनील अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. सून हर्षाली दुपारपर्यंत बालवाडीत शिकवते. आणि भुरी ही तिची मांजर. पार्किंगमध्ये सापडलेली, मातकट रंगाची, भलतीच आगाऊ. मूल व्हावं म्हणून हर्षालीचे चार वर्षं दवाखाने चालले होते. त्या चार वर्षांत ती जेवढं भुरीशी बोलली तेवढं आम्हा दोघांशी मिळूनही बोलली नसेल. मला भुरी आवडायची नाही. भुरीला मात्र माझे पाय आवडायचे, दुपारी मी आडवा झालो की पोटऱ्यांना टेकून झोपायची.

पहिल्यांदा गादी ओली केली ती भुरीनेच, हे मात्र खरं. हर्षालीने तिच्या ट्रेमध्ये कुठलीशी सुगंधी माती आणून ओतली. भुरीने एकदा हुंगलं, शिंकली, आणि थेट माझ्या गोधडीवर येऊन कार्यभाग उरकला. मी बिल्डिंग डोक्यावर घेतली. "या घरात एक तर मी राहीन नाहीतर ही," असंही म्हणालो. हर्षालीने व्हिनेगर टाकून गोधडी तीनदा धुतली, गादीवर रेक्झिन अंथरलं आणि जुनी साधी माती परत आणली. भुरी निमूटपणे ट्रेमध्ये जायला लागली. विषय खरं तर तिथेच संपला होता.

त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरांनी इन्सुलिनच्या जोडीला नवी गोळी सुरू केली. म्हणाले, "ही साखर लघवीवाटे बाहेर टाकते. लघवी जरा जास्त होईल, घाबरू नका." मी कसला घाबरतोय? तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून पडलो आणि जाग आली ती ओल्यातच.

सून यायला पंधरा मिनिटं होती. मी पायजमा बदलला, धुऊन दोरीवर टाकला आणि खुर्चीत पेपर उघडून बसलो. भुरी दिवाणाच्या कोरड्या टोकाला अंग चाटत होती. हर्षाली आली, चादरीला हात लावून बघितला, आणि तिचा चेहराच उतरला. "भुरे, परत?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी नाना. मी लगेच धुते."

तिने माझी माफी मागितली! तिथेच बोलायला हवं होतं. पण मला दत्तू आठवला.

दत्तू माझा मोठा भाऊ, येवल्याजवळ गावी असतो. त्याला हेच सुरू झालं तेव्हा सुनेने त्याची खाट गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत हलवली. "वास येतो ना, काका. पोरं जेवत नाय," ती मला म्हणाली होती. आणि मी, सख्खा भाऊ, नाकाला रुमाल लावून मान डोलावली होती. ताट दारापर्यंत जायचं. माणूस आत जायचं नाही. फ्लॅटमध्ये पत्र्याची खोली नसते, तेव्हा मला कुठे पाठवतील हे मी पेपरातल्या जाहिरातींत वाचलेलं होतं. म्हणून मी पेपर आणखी वर धरला.

पुढच्या आठवड्यात चारदा तेच झालं. सुनील वैतागला. "पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो हिला," म्हणाला. हर्षाली रडली, भांडली आणि भुरीला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. "पण मांजर घाबरलं तरी रक्तात साखर वाढते," ते म्हणाले. "लघवी आणा, म्हणजे नक्की कळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी रेक्झिनच्या घडीत जे साचलं होतं ते हर्षालीने सिरिंजने ओढून घेतलं. मी समोरच खुर्चीत होतो. माझ्या गोळीने बाहेर टाकलेली माझी साखर तिने बाटलीत भरली, झाकण लावलं आणि स्कूटीवरून घेऊन गेली. परत आली ती पांढरीफटक पडून.

"नाना, भुरीला शुगर आहे. भरपूर. मी म्हटलं एवढीशी मांजर आणि एवढी लघवी, तर डॉक्टर म्हणाले तीपण शुगरचीच खूण." ती पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून माझ्या पुढ्यात ठेवत म्हणाली, "रोज दोनदा सुई द्यायची आहे. माझा हात थरथरतो. तुम्हाला सवय आहे. द्याल ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

सकाळ-संध्याकाळ मी भुरीला मांडीवर घ्यायचो, मानेमागची कातडी चिमटीत धरायचो आणि सुई तिच्या अंगाखालच्या टॉवेलात रिकामी करायचो. हर्षाली तर सुई बघायला नको म्हणून तोंड फिरवून उभी असायची. भुरीला वाटायचं मी लाड करतोय. ती घुरघुरायची. मी स्वतःवर खूश होतो, हे सांगायला लाज वाटते, पण होतो. मांजराला काही होत नव्हतं आणि माझीही जागा शाबूत होती. माझ्या डोक्याने मी दोघांनाही वाचवलं होतं.

दहा दिवसांनी हर्षालीने पुन्हा रेक्झिनवरची लघवी नेली. साखर तेवढीच. डॉक्टरांनी डोस वाढवला. आणखी दहा दिवसांनी पुन्हा वाढवला. "औषध लागूच पडत नाहीये," हर्षाली म्हणायची आणि बालवाडीतल्या मीनाताईंना फोन करून रडायची. भिंतीला टेकून मी ते सगळं ऐकायचो. तीन वेळा सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा चहा मागितला.

मग दत्तू गेला. मातीला मी सकाळची सुई उरकून गेलो आणि संध्याकाळच्या सुईला परत आलो. त्याच्या दहाव्याला मला पहाटेच निघायचं होतं. दारात चपला घालताना मी म्हणालो, "आज भुरीला सुई राहू दे. एक दिवस नाही दिली तर काही बिघडत नाही."

"नाही हो नाना, डॉक्टरांनी बजावलंय चुकवायची नाही म्हणून. मी देईन. तुमचं बघून बघून कळलंय मला आता."

"माझं कधी बघितलंस तू?"

"आज बघून देते ना," ती हसून म्हणाली. "जा तुम्ही, गाडी चुकेल."

मी जिना उतरलो. एकेका मजल्यावर थांबलो. पण उतरलो.

गावी गेल्यावर मी ती पत्र्याची खोली बघितली. खाट उभी करून ठेवली होती, भिंतीवर फिनेल मारलेलं होतं. दत्तूच्या सुनेने मला चहा दिला आणि म्हणाली, "शेवटी शेवटी लय त्रास झाला, काका. कोणाशी बोलत नव्हते." तिथे उभा राहून मी पुन्हा घाबरलो, आणि खिशातला फोन खिशातच राहिला. पिंड ठेवले. अकरा वाजले. कावळ्याची वाट बघत सगळे हात जोडून उभे होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे सिरिंजवरचे आकडे येत होते. साखर नसलेल्या मांजराला तेवढा डोस म्हणजे मरणच. मी घोळक्यातून बाजूला झालो आणि फोन लावला.

"हर्षाली, सुई देऊ नको."

"दिली की, आठ वाजताच. अजिबात हलली नाही, शहाण्यासारखी बसली. आज बालवाडीला सुट्टी घेतलीय मी. ती तर केव्हाची गाढ झोपलीय."

"उठव तिला."

"का?"

"उठव म्हणतो ना! साखरेचं पाणी कर, तोंडात चोळ तिच्या!"

फोन तसाच चालू होता. मला तिच्या हाका ऐकू आल्या, आधी लाडाच्या, मग मोठ्या, मग नुसत्याच. तिच्या मागे कावळे ओरडत होते की माझ्या मागे, ते मला समजत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सुनील भुरीला पुरून आला होता. हर्षाली जमिनीवर बसली होती. तिच्या मनगटावर ओरखडे होते. भुरीला झटके आले तेव्हा तिने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"डॉक्टर म्हणाले डोस बरोबरच होता," ती म्हणाली. "इतके दिवस तुम्ही दिलात तर काही झालं नाही. मी एकदाच दिला आणि मेली. माझ्या हातालाच काहीतरी आहे, नाना. माझ्याकडे काही जगतच नाही."

सुनील आत गेला. मी बूड टेकायच्या आधीच बोललो. बसलो असतो तर पुन्हा चहा मागितला असता, एवढं मी स्वतःला ओळखतो.

"तुझी काही चूक नाही. लघवी माझी होती."

"कुठली?"

"सगळी. पहिली सोडून. बाटलीतली साखर माझी. आणि सुया मी टॉवेलात मारत होतो. तिला आज पहिल्यांदाच खरं औषध मिळालं."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आपले ओरखडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"घालवून द्याल म्हणून."

ती भिंतीला धरून उठली. दिवाणावरची चादर ओढून तिने हातावर गोळा केली आणि बाथरूमकडे निघाली. दाराशी थांबून, माझ्याकडे न वळता म्हणाली,

"चादर धुतली असती, नाना. तशीही मीच धूत होते."