मोबाईल नंबर अनिवार्य

“हे मी सांगितलं होतं. कुठे लिहिलंय, दाखव!” शहाबानोने चाळीस पानांचं बाड अपूर्वच्या पुढ्यात आपटलं.

रुग्णालयात नवं सॉफ्टवेअर यायचं होतं. त्यात काय काय हवं, ते लिहून काढायला कंपनीने अपूर्वला पनवेलला धाडलं होतं. तीन दिवस तो केसपेपरच्या खिडकीत शहाबानोशेजारी बसला. बावीस वर्षं ती खिडकी सांभाळणाऱ्या बाईने त्याला सगळ्यात आधी हेच सांगितलं होतं, की डोंगरातल्या वाड्यांवरून येणाऱ्या निम्म्या पेशंटकडे मोबाईल नसतो. त्याने मान डोलावून टिपूनही घेतलं होतं. आणि आता छापून आलं होतं : ‘मोबाईल नंबर अनिवार्य.’

“मॅडम, मी मुद्दा मांडला होता. वरून नाही म्हणाले.”

“वरच्यांनी ही खिडकी बघितलीय कधी?”

“शहाबानो, सही करा आणि विषय संपवा,” प्रशासक कमळाकर सर घड्याळाकडे बघत म्हणाले.

तिने सही केली. पण सहीच्या वर, पेन कागदातून आरपार जाईल इतकं दाबून लिहिलं : ‘फोन नसलेल्या माणसालाही केसपेपर मिळाला पाहिजे.’

दुसऱ्या दिवशी ते पान तिच्या ओळीशिवाय नव्याने छापलं गेलं. त्यावर कमळाकर सरांनीच सही ठोकली.

चार महिन्यांनी सॉफ्टवेअर सुरू झालं. पहिल्याच सकाळी आपटा गावाकडच्या वाडीवरून चिंगी आली, तापाने फणफणलेल्या नवऱ्याला, काळूरामला, खांद्याचा आधार देत.

“मोबाईल नंबर?”

“फोन नाय वो बाई.”

“शेजाऱ्यापाजाऱ्यांचा?”

“कुनाकडंच नाय.”

पडद्यावरची लाल चौकट हलेना. शहाबानोने कमळाकर सरांना फोन लावला.

“कुणाचा तरी नंबर घेऊन यायला सांगा ना!”

“या अल्ला! माणूस उभा राहू शकत नाहीये, सर!”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. शहाबानोने रागारागाने स्वतःचाच नंबर ठोकला. केसपेपर निघाला. दुपारपर्यंत तसे अकरा निघाले.

जेवायच्या सुट्टीत तिने पहिला घास मोडला आणि फोन वाजला : ‘प्रिय काळूराम, आपला रक्ततपासणी अहवाल तयार आहे.’ पाठोपाठ दुसऱ्या कुणाचा, मग तिसऱ्याचा.

दातओठ खात तिने डबा झाकला आणि पायऱ्यांवर बसलेल्या चिंगीला हाक मारायला बाहेर गेली.